घुमटाला मोटर बसविण्यापूर्वी

शाळेच्या गच्चीवर किंवा मळ्यातल्या घराशेजारी कोणी हौसेने छोटी वेधशाळा बांधली, की थोड्याच दिवसांत एक अडचण पुढे येते. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकलेले दिसते. दुर्बीण ताऱ्यामागे जाते, पण घुमटाची फट मात्र जिथल्या तिथे! मग उठा, घुमट ढकला, पुन्हा डोळा लावा. असे दहादा झाले की मनात येते, याला एक मोटरच बसवून टाकावी.

बसवावी, अवश्य बसवावी. पण आधी माझी फजिती ऐका. माझ्या घुमटाखालचे लोखंडी कडे भिंतीवरील चाकांवरून फिरते. ते एका जागी वाकलेले होते. हाताने ढकलताना तिथे जोर लावावा लागे. मी म्हटले, मोटर लावील जोर! एका रात्री आठवीची मुले शनी पाहावयास रांगेत उभी होती. घुमट नेमका त्या जागी अडला, मोटर तापली, जळका वास सुटला. रबरी चाक कड्यावर पक्के आवळलेले, त्यामुळे हातानेही घुमट फिरेना. शनी फटीबाहेर गेला आणि निम्मी मुले तशीच घरी गेली.

तेव्हा पहिले काम घुमट हलका फिरविण्याचे. कडे गोल व पातळीत करा, चाकांना वंगण द्या. मग ताणकाटा अडकवून घुमट ओढून पाहा. तीन मीटर व्यासाच्या हलक्या घुमटाला सगळीकडे दहा किलोच्या आत ओढ लागली, तर बरे समजा. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर १९४८ साली उद्घाटन झालेल्या २०० इंची दुर्बिणीचा घुमट सुमारे १,००० टनांचा आहे. तोही मोटरींवर सावकाश फिरतो, कारण त्याचे रूळ आणि चाके काटेकोर बसविलेली आहेत.

आता थोडा हिशेब. आपल्या घुमटाचा परीघ सुमारे ९.४ मीटर. दहा सेंटिमीटर व्यासाचे रबरी चाक कड्याला टेकविले, तर घुमटाच्या एका फेरीला त्याचे ३० फेरे होतात. तीन मिनिटांत फेरी हवी, म्हणजे चाकाचे मिनिटाला १० फेरे. या वेगाला दहा किलोच्या ओढीसाठी ५ वॅट शक्ती लागते. घर्षण आणि सुरुवातीचा हिसका धरून दसपट घ्या, म्हणजे ५० वॅट. मोटारगाडीची काच पुसणाऱ्या वायपरची १२ व्होल्टची मोटर इथे चालू शकते. ती मिनिटाला ४० फेरे घेत असेल, तर एकास चार दातेरी चाकांची जोडी लावून वेग उतरवावा.

मोटर भिंतीवर बसवा, घुमटावर नको. नाहीतर तारांना पीळ पडेल. रबरी चाक स्प्रिंगने दाबलेले ठेवा, म्हणजे घुमट अडलाच तर चाक घसरेल, मोटर जळणार नाही. ते चाक मागे ओढणारा एक दांडाही हवाच. वीज गेली की दांडा ओढा आणि घुमट हाताने फिरवा. तारेत फ्यूज घाला. चाकावर पत्र्याचे झाकण अगदी न विसरता बसवा. अंधारात लहान मुलांची बोटे कुठे जातील, याचा नेम नसतो.

गुरुजींनी हा परिघाचा आणि फेऱ्यांचा हिशेब वर्गात मुलांकडून करवून घ्यावा. पुढे रात्री घुमट फिरू लागला, की आपले गणित कशाला उपयोगी पडले, ते मुलांना सांगावे लागणार नाही.