धर्म शिकावा कुठे?

परभणीहून परळीकडे जाताना पोखर्णी नृसिंह हे स्टेशन लागते. मराठवाड्यातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीला, येथे भाविकांची रीघ लागते. पण हा उग्र देव या काळ्या जमिनीत केव्हा आला, कोणाबरोबर आला, असे विचाराल तर उत्तर मिळते, 'वाडवडिलांपासून आहे.' श्रद्धेला एवढे पुरते. जिज्ञासेचे समाधान त्याने होत नाही.

पोखर्णीचाच एक विद्यार्थी बी. ए. होताच मला म्हणाला, "सर, मला धर्माचा अभ्यास करायचा आहे. एम्. ए. कशात करू?" त्याच्या वडिलांची चिंता निराळी. "सर, पोरगं बुवा व्हायचं म्हणतंय का काय? अन् पोटाचं कसं?" दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि असे बापलेक गावोगाव असतील, म्हणून जे सांगितले ते येथे मांडतो.

आधी मनाशी एक ठरवावे : आपल्याला धर्म सांगायचा आहे, शास्त्र पढायचे आहे, की धर्म म्हणजे काय हे तपासायचे आहे? वाटा तीन आहेत आणि त्या वेगवेगळ्या गावांना जातात.

धर्म सांगायचा असेल, कीर्तन-प्रवचन करायचे असेल, तर विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. तेथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. ख्रिस्ती धर्मसेवेसाठी पदव्या देणारे सेरामपूर कॉलेज १८१८ चे. ते काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी यांनीच १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, हे आम्हां मराठीच्या मास्तरांना विसरता येत नाही. कॅथलिकांचे मोठे विद्यापीठ १९५५ साली सिलोनातल्या कँडीहून पुण्यास आले. आजचे ज्ञानदीप विद्यापीठ ते हेच. इस्लामी धर्मशास्त्राची शाखा अलीगढला आहे. शास्त्र पढणाऱ्यास बनारस आहे आणि १९९७ पासून रामटेकचे संस्कृत विद्यापीठही आहे. धर्मकोशाचे प्रचंड काम ज्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली चालले, ती एकदा तरी पाहून यावी.

तिसरी वाट अभ्यासकाची. ती आपल्याकडे उशिरा पडली. १८५७ साली निघालेल्या आपल्या पहिल्या विद्यापीठांनी धर्म उंबऱ्याबाहेरच ठेवला. परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, तेथल्या १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठात मात्र इस्लामी धर्मशास्त्राची शाखा होती. पुढे राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली. पण धर्माचे शिक्षण निराळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण निराळे, हा भेद कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्पष्ट केला. १९६७ साली पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग निघाला. बनारस हिंदू विद्यापीठाने २०२२ साली 'हिंदू अध्ययन' या विषयात एम्. ए. सुरू केले. पाली आणि बौद्ध धर्म शिकायचा तर आपल्या मराठवाडा विद्यापीठात आणि पुण्यासही सोय आहे.

ही वाट मराठी माणसाला अगदीच अनोळखी नव्हे. विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमधून बी. ए. झाले आणि १९०१ साली युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. तौलनिक धर्माचा अभ्यास करून १९०३ साली परतले. तीन वर्षांनी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्यांच्याच पिढीतले गोव्याचे धर्मानंद कोसंबी पदवीवाचून, अर्धपोटी, बुद्धाच्या शोधात सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि पुढे हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले गेले. दोघांपैकी एकही बुवा झाला नाही!

आता पोटाचा प्रश्न. 'धर्मांचा तौलनिक अभ्यास' हा प्राध्यापकपदाच्या नेट परीक्षेचा विषय आहे. पण जागा थोड्या. म्हणून माझा सल्ला असा, की एम्. ए. संस्कृत, पाली, इतिहास, तत्त्वज्ञान किंवा मराठी यांपैकी एकात करावे. त्याने नोकरीचे दार उघडे राहते. धर्म हा पीएच्. डी. चा विषय घ्यावा. आणि काही झाले तरी एक भाषा जास्तीची शिकावी. भाषेवाचून या क्षेत्रात पाऊल टाकणे म्हणजे दोराविना विहिरीवर जाणे.

पोखर्णीचेच पाहा. आंध्रातल्या अहोबिलमचा नृसिंह चेंचू या वनवासी जमातीचा जावई मानला जातो. आपल्या नृसिंहाचा त्याच्याशी काही धागा आहे काय? हे शोधायला तेलुगू हवी, संस्कृत हवी, आणि गावच्या म्हाताऱ्यांजवळ बसण्याची चिकाटी हवी. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिले ते असेच धागे उकलून. खंडोबा आणि धनगरांचे देव समजून घेण्यासाठी गुंथर सोंथायमर जर्मनीहून येथे येऊन राहिले.

जात्यावरच्या ओव्या, नवसांच्या हकिकती, घराण्यांचे कुळाचार ज्यांना पाठ आहेत, त्या आजीबाई आता दरवर्षी थोड्या उरतात. विद्यापीठाचा फॉर्म पुढच्या वर्षीही भरता येईल. वही घेऊन त्यांच्या ओसरीवर मात्र या दिवाळीच्या सुटीतच जावे.