पंचेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर आलेली थेल्मा रिटर

मैत्रिणींनो, इंग्रजी सिनेमा पाहून घरी आल्यावर तुम्हाला काय आठवतं? नायिकेचा झगा, नायकाची ऐट, फार तर शेवटचा प्रसंग. पण कधीकधी आणखी एक चेहरा मनात रेंगाळतो. कमरेवर हात ठेवून उभी असलेली एखादी मोलकरीण, एखादी नर्स, नाहीतर कुणाची तरी आई. वाट्याला आलेले प्रसंग चार-पाचच, पण बोलते अशी की वाटावं, ही बाई आपल्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहते. नाव मात्र काही केल्या आठवत नाही.

अशाच एका चेहऱ्याचं नाव आज सांगते. थेल्मा रिटर. उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला सहा वेळा नामांकन मिळालं. त्या विभागात इतकी नामांकनं दुसऱ्या कुठल्याही अभिनेत्रीला मिळालेली नाहीत. आणि सहाही वेळा ती रिकाम्या हातानं घरी परतली. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. तिचा पहिला सिनेमा लागला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि दोन मुलांची आई होती.

आधी संसार

थेल्माचा जन्म १९०२ सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये तिनं रीतसर शिक्षण घेतलं आणि नाटक कंपन्यांतून कामं केली. १९२७ मध्ये जोसेफ मोरान या नटाशी लग्न झालं. म्हणजे घरात दोघंही नाटकवाली! त्यातच १९२९ नंतरची मंदी आली. नाटकाच्या भरवशावर चूल पेटेना. शेवटी नवऱ्यानं रंगभूमी सोडून जाहिरातीच्या धंद्यात पाय रोवले. पुढे एक मुलगी झाली, एक मुलगा झाला, आणि थेल्मानं नाटक बाजूला ठेवलं.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? नवल काहीच नाही. लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली, ती तिथंच राहिली, अशा किती जणी तुमच्याआमच्या ओळखीच्या असतील! थेल्मानं मात्र माळ्यावर चढायला एक लहानशी शिडी शोधली. १९४० च्या सुमाराला ती रेडिओवर कामं करू लागली. रेडिओला गावोगावचे दौरे नकोत, रंगरंगोटी नको, वयही कुणी विचारत नाही. लागतो तो फक्त आवाज. आणि तिचा आवाज होता ब्रुकलिनच्या गल्लीतला, किंचित घोगरा, खरखरीत, कुणाचीही भीडभाड न ठेवणारा. त्या आवाजात साखर नव्हती, पण मीठ अगदी बेताचं होतं.

दुकानातली दमलेली आई

१९४७ मध्ये 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' हा सिनेमा आला. दिग्दर्शक जॉर्ज सीटन ओळखीतले. त्यांनी एक छोटंसं काम दिलं. नाताळच्या गर्दीत मेसीज या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात मुलाला घेऊन आलेली ही आई. पाय दुखताहेत, मुलाला हवा असलेला खेळण्यातला बंब कुठंच मिळत नाही. अशात दुकानातला सांताक्लॉज मुलाला बंबाचं वचन देऊन बसतो! ती चिडते. तेव्हा तो सांगतो की बंब दुसऱ्या दुकानात मिळेल. ती थक्क होते, आणि दुकानाच्या माणसाला गाठून बजावते की यापुढे आपण खरेदी इथंच करणार. बस्स, एवढंच काम. नामावळीत तिचं नावसुद्धा नाही.

पण दमून-भागून खरेदी करणारी बाई कशी उभी राहते, हातातल्या ओझ्यासकट कशी वळते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स कंपनीचे प्रमुख झॅनक यांच्या ते नजरेत भरलं आणि तिच्यासाठी कंपनीचं दार उघडलं. संसारात गेलेली वर्षं वाया जातात म्हणणाऱ्यांनी तेवढा प्रसंग जरूर पाहावा.

सगळ्यांत आधी ओळखणारी

१९५० चा 'ऑल अबाउट ईव्ह' म्हणजे नाट्यसृष्टीतल्या मत्सराची गोष्ट. बेटी डेव्हिस झाली आहे प्रख्यात नटी मार्गो. तिच्या आश्रयाला येते ईव्ह नावाची गरीब, गोड बोलणारी मुलगी. तिची कर्मकहाणी ऐकून सगळे विरघळतात. विरघळत नाही ती फक्त बर्डी, मार्गोचे कपडेलत्ते सांभाळणारी तिची जुनी सोबतीण. ही पोरगी बाईंची सेवा करत नाही, बाईंना पाठ करते आहे, हे तिनं केव्हाच ओळखलेलं असतं. थेल्मा ते मोठ्यानं सांगत नाही. हातातलं काम न सोडता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते. घरातलं खरं काय ते घर आवरणारीलाच आधी कळतं, नाही का?

पण एक गंमत पाहा. सिनेमाच्या उत्तरार्धात ही बर्डी नाहीशीच होते! जिनं पहिल्यांदा धोका ओळखला, तिचं पुढं काय झालं हे कुणी सांगत नाही. दुय्यम भूमिकेचं नशीब म्हणतात ते हेच. तरीही त्या कामासाठी थेल्माला पहिलं नामांकन मिळालं.

सुनेच्या घरी स्वयंपाकीण

तुम्हाला सगळ्यांत आवडेल असा सिनेमा म्हणजे १९५१ चा 'द मेटिंग सीझन'. एलन ही न्यू जर्सीत हॅम्बर्गरचं छोटं दुकान चालवणारी विधवा. दुकान बुडतं आणि ती मुलाकडे येते. मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, सून बड्या घरची. सुनेनं सासूला कधी पाहिलेलंच नाही. घरात त्याच दिवशी पाहुण्यांसाठी मेजवानी, आणि बोलावलेल्या स्वयंपाकिणीची ती वाट पाहते आहे. दारात साध्या कपड्यांतली ही बाई उभी! सुनेचा गैरसमज होतो. आणि सासूबाई? त्या तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. पदर खोचावा तसा एप्रन बांधतात आणि कामाला लागतात. पुढं नोकरीही धरतात, त्याच घरात.

सगळा सिनेमा हसत हसत जातो. पण मुलगा आईची ओळख लपवायला तयार होतो तेव्हा थेल्माचा चेहरा बघा. ती रडत नाही, टोमणा मारत नाही, उलट त्याचीच समजूत घालते. आणि आपल्याला मात्र हसता हसता घास अडकतो. खरं कळल्यावर सून चिडते, पण सासूवर नव्हे, आईला लपवणाऱ्या नवऱ्यावर! गोष्टीचा सगळा भार थेल्माच्या खांद्यावर, तरी नामांकन पुन्हा सहाय्यक अभिनेत्रीचंच.

शेवटच्या घरासाठी साठवलेले पैसे

माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम १९५३ च्या 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मधलं. मो ही रस्त्यावर टाय विकणारी, पोलिसांना पैसे घेऊन खबरा देणारी थकलेली बाई. पै पै कशासाठी जमवते? तर आपल्याला नीट पुरलं जावं म्हणून. बेवारशांच्या जागेत जायची तिला भयंकर धास्ती आहे. एका रात्री एक मारेकरी तिच्या खोलीत येतो. एका पाकीटमाराचा पत्ता त्याला हवा असतो. आयुष्यभर माहिती विकून जगलेली ही बाई नेमकी त्या रात्री नाही म्हणते. मी फार दमले आहे, असं ती सांगते ते असं, की ऐकणाऱ्याचीही हाडं दुखावीत. कॅमेरा बाजूला वळतो, फोनोवरची तबकडी संपत येते, आणि गोळीचा आवाज होतो.

एरवी थेल्माच्या वाट्याला हसवणारी कामंच जास्त आली. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त (१९५४) ती पाय मोडलेल्या नायकाची नर्स झाली. त्याला मालिश करता करता लग्न कर म्हणून सुनावणारी, आणि तो न्याहारीला बसला असताना खुनाचे तपशील रंगवून त्याचा घास तोंडातच अडकवणारी! 'पिलो टॉक'मध्ये (१९५९) ती डोरिस डेची सदा आदल्या रात्रीच्या उताऱ्यात असलेली मोलकरीण होती. 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ'मध्ये (१९६२) मात्र तिनं धक्का दिला. तुरुंगातल्या मुलासाठी जिवाचं रान करणारी आई, आणि त्यानं लग्न करताच त्याच्याकडे पाठ फिरवणारीही तीच. तिचं ते सहावं आणि शेवटचं नामांकन.

हरण्याचीही मेजवानी

मोलकरीण, नर्स, आई. चाळिशी उलटलेल्या बाईला हॉलिवूडनं याहून वेगळं फारसं काही देऊ केलं नाही, हे खरंच. पण थेल्मानं त्यातली एकही बाई दुसरीसारखी केली नाही. आपण पुन्हा कशा हरतो ते बघायला या, असं सांगून ती ऑस्करच्या रात्री स्नेहीमंडळींना घरी बोलवायची, असं सांगतात. १९५५ साली तर त्या समारंभाचं न्यूयॉर्कच्या बाजूचं सूत्रसंचालन तिनंच केलं. रंगभूमीनं मात्र जुन्या कलावतीची आठवण ठेवली. 'न्यू गर्ल इन टाऊन' या संगीत नाटकासाठी १९५८ मध्ये तिला टोनी पारितोषिक मिळालं, त्याच नाटकातल्या ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून.

नाव झालं तरी तिनं न्यूयॉर्कचं घर सोडलं नाही. १९२७ मध्ये मांडलेला संसारही शेवटपर्यंत टिकला. ५ फेब्रुवारी १९६९ ला हृदयविकारानं ती गेली. सिनेमात मिळाली ती उणीपुरी एकवीस वर्षं.

तेव्हा यापुढं जुना इंग्रजी सिनेमा पाहायचा योग आला, तर एवढं करा. नायिका बोलत असताना तिच्या मागं चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे थोडं बघा. ती थेल्मा असेल, तर गोष्टीत पुढं काय होणार, हे तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला आधीच वाचता येईल.