आधी खिसा, मग खूण
लेखमाला : हृदयाची लय – लेखांक ७

मागच्या लेखात पेसमेकर बसवताना थिएटरमध्ये काय काय होतं ते पाहिलं. आता पेशंट घरी आला आहे. डाव्या कॉलरबोनखाली चार-पाच सेंटिमीटरचा छेद, त्यावर पट्टी, आणि घरच्यांचे दोन प्रश्न : आंघोळ कधी घालायची, आणि खूण राहील का? पहिला प्रश्न या आठवड्याचा आहे, दुसरा पुढच्या काही महिन्यांचा. बऱ्याच घरांत खूण जावी म्हणून पहिल्या पंधरवड्यातच तेल-मलम सुरू होतं. मला काळजी वाटते ती त्याचीच.

त्या छेदाखाली, त्वचेखालची चरबी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये, डॉक्टरांनी एक खिसा केलेला असतो. त्यात वीस-तीस ग्रॅमचं मशीन असतं आणि त्याची वायर शिरेतून थेट हृदयात गेलेली असते. अपेंडिक्सच्या जखमेत थोडा पू झाला तर टाका मोकळा करून, रोज ड्रेसिंग करून, गोळ्या देऊन भागतं. इथे तसं भागत नाही. धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू चिकट थर करून बसतात. त्या थरात ना औषध नीट पोचतं, ना शरीराच्या पांढऱ्या पेशी. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस असतात. एकदा ते खिशात शिरले की मशीन आणि वायर सगळंच काढावं लागतं, आठवडा-दोन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि मग बहुधा उजव्या बाजूला नवं मशीन. वायर जुनी असेल तर ती शिरेला चिकटलेली असते. ती काढणं हे बसवण्यापेक्षा कितीतरी जोखमीचं.

म्हणून पहिले दोन आठवडे एकच काम : जखम कोरडी ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. पट्टी कधी काढायची हे तुमच्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. तोवर कमरेखाली आंघोळ आणि वरचं अंग ओल्या फडक्याने पुसून घेणं पुरतं. त्यानंतर साबणाचं पाणी वरून वाहून गेलं तरी चालतं, मात्र घासायचं नाही आणि स्वच्छ पंच्याने टिपून घ्यायचं. खपली आपोआप पडू द्यावी. डेटॉल, स्पिरिट, पावडर, अंगारा यांतलं काहीही लावू नये.

हळदसुद्धा नको, हे मी मुद्दाम वेगळं सांगतो. ओपीडीत एक साठीच्या बाई आल्या होत्या, बरोबर सून. सुनेने मनापासून सेवा केली होती. पट्टी निघाल्यापासून खोबरेल तेलात हळद कालवून लावत होती. ब्लाऊजला आतून पिवळा डाग होता. “हळदीचाच आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. सलाइनच्या बोळ्याने हळद पुसून काढली आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसलो. जखमेच्या खांद्याकडच्या टोकाला, टाक्याच्या गाठीपाशी, तांदळाच्या दाण्याएवढं पाणी पुन्हा जमलं. हळदीच्या रंगाखाली ते किती दिवस झाकलेलं होतं कोण जाणे. सुदैवाने ते वरच्या टाक्यापुरतंच निघालं. “काकू, खाली पोचलं असतं तर मशीनच काढावं लागलं असतं,” असं मी म्हणालो तेव्हा सासू-सून दोघींचे चेहरे उतरले. सुनेचा दोष नव्हताच. डिस्चार्जच्या वेळी तिला कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं.

जखमेच्या आसपास काळं-निळं पडणं, ते दंडापर्यंत उतरणं, मग हिरवट-पिवळं होत दोन-तीन आठवड्यांत विरणं, हे नेहमीचं. थोडी खाज, कडेला बधिरपणा, टाक्यांच्या रेषेत टणकपणा, हेही ठीक. पण सूज रोज वाढते आहे, त्वचा ताणून चकाकते आहे, लाली पसरते आहे, गरम लागतं आहे, ठणका वाढतो आहे, एखादा थेंब येतो आहे किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी जिथे मशीन बसवलं तिथे जा. गल्लीतल्या दवाखान्यात ड्रेसिंग करून घेऊन चार दिवस गोळ्या खाऊन पाहू, असं करू नका. फुगवटा दिसला म्हणून सुईने पाणी किंवा रक्त काढायला कोणालाही देऊ नका. त्या सुईबरोबरच जंतू आत जातात. काही महिन्यांनी, अगदी वर्षानेसुद्धा, मशीनवरची त्वचा पातळ, निळसर-काळी दिसू लागली तरी हाच नियम.

रक्त साचण्याचा आणि संसर्गाचा संबंध फार जवळचा आहे. खिशात मोठी गाठ झाली की पुढच्या वर्षभरात संसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची लोकांना धास्ती वाटते आणि काही जण त्या परस्पर बंद करतात. २०१३ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वॉरफरिन ही अशीच गोळी चालू ठेवलेल्या पेशंटपैकी साडेतीन टक्क्यांना अशी गाठ झाली, तर ती थांबवून हेपरिनची इंजेक्शनं दिलेल्यांपैकी सोळा टक्क्यांना. म्हणजे या गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच. चालू की बंद, ते विचारूनच.

हाताबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण आठव्या दिवशी दांडीवर कपडे वाळत घालतात, माळ्यावरचे डबे काढतात, लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहतात. साधारण चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर जाऊ नये आणि भरलेली बादली किंवा नातवंड त्या हाताने उचलू नये, कारण वायरचं टोक हृदयात अजून पक्कं झालेलं नसतं. दुसरे जण भीतीने हात छातीशी बांधून ठेवतात आणि दीड महिन्याने आखडलेला खांदा घेऊन येतात. खांद्याच्या पातळीपर्यंत हात रोज फिरवा. पोळ्या लाटा, जेवा, लिहा.

घर्षणाचा विचार फारसा कोणी करत नाही. मंगळसूत्र, ब्रेसियरचा पट्टा, पर्सचा बंद, हे सगळं जखमेवर घासतं. गाडीत उजवीकडे बसलेल्याचा सीटबेल्ट उलट बाजूने येतो, पण डावीकडे बसलेल्याच्या नेमका जखमेवरून जातो. जानवंही डाव्या खांद्यावरूनच. काही दिवस मऊ सुती कापडाची घडी मध्ये ठेवा. आणि मशीन हाताला लागतं म्हणून ते चाचपून फिरवत बसू नका. मशीन खिशात गोल फिरत राहिलं की वायर गुंडाळली जाऊन हृदयातून निसटते. १९६८ साली या प्रकाराची पहिली नोंद झाली आणि तो आजही दिसतो.

खाण्याचं पथ्य उलट सांगितलं जातं. डाळ, वांगं, आंबट खाल्लं की पू होतो म्हणून पेशंटला नुसत्या भातावर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात : डाळ, दूध, दही, अंडी, मासे, जे तुमच्या घरात चालतं ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढं विचारून. साखर आटोक्यात हवी. तंबाखू, विडी आणि मिश्री बंद, कारण निकोटिनने त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसतो.

आता खूण. तीन आठवड्यांनी जखमेला मूळ त्वचेच्या साधारण तीस टक्केच ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि पुढे ती फारशी वाढत नाही. आतलं कोलॅजन मात्र वर्षभर, कधी दीड वर्ष, नव्याने रचलं जात राहतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खूण सर्वांत लाल आणि उंच दिसते. घाबरू नका, ती पुढे फिकी पडते. जखम पूर्ण मिटल्यावर, डॉक्टरांनी पाहिल्यावर, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी वापरता येते. पट्टी दिवसातले बारा तासांहून अधिक, निदान दोन-तीन महिने लावली तरच उपयोग. उन्हाने खूण काळी पडते, तेव्हा कपड्याने झाका किंवा सनस्क्रीन लावा. व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावू नका. १९९९ साली मायामीत झालेल्या एका छोट्या अभ्यासात फायदा दिसला नाही आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना पुरळ आलं. मालीश करायचंच तर हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर, फक्त रेषेवर, हलक्या बोटाने.

छातीचा वरचा भाग आणि सावळी त्वचा, दोन्ही ठिकाणी केलॉइड होण्याची शक्यता जास्त. साधी उंच खूण जखमेच्या रेषेतच राहते, केलॉइड रेषेबाहेर पसरतो. त्यावर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, पण खाली मशीन आणि वायर आहे हे त्वचारोगतज्ज्ञांना आधी सांगायलाच हवं, आणि विजेवर चालणारी कॉटरी वापरायची असेल तर तेव्हाही.

कान टोचल्यावर किंवा आधीच्या टाक्यांवर केलॉइड झाला असेल तर ऑपरेशनच्या आधीच बोला. छेद काखेच्या बाजूला घेता येतो का, मशीन स्नायूखाली ठेवता येतं का, हे विचारण्यात संकोच नको. तरुण मुलींनी तर अवश्य विचारावं. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला बिनवायरचा पेसमेकर मांडीच्या शिरेतून हृदयात बसवतात, छातीवर छेद येतच नाही. तो सगळ्यांना चालत नाही आणि महागही आहे.

मशीनची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षांनी संपते आणि छेद पुन्हा त्याच जागी येतो. १९५८ साली स्टॉकहोममध्ये जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर मिळालेले आर्ने लार्सन २००१ पर्यंत जगले. त्यांना २६ पेसमेकर लागले. बदलण्याच्या वेळी संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. जोखीम जास्त असलेल्यांसाठी अँटिबायोटिक सोडणारी जाळीची पिशवी मशीनभोवती घालतात. २०१९ च्या मोठ्या चाचणीत तिच्यामुळे गंभीर संसर्ग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. बॅटरी बदलण्याची तारीख ठरवताना या पिशवीबद्दल विचारा, आणि जुनी खूण वाईट आली असेल तर ती कापून काढून नव्याने शिवता येईल का, तेही.

(पुढील लेखांकात : मोबाइल, इंडक्शनची शेगडी आणि पेसमेकर)