नॉर्मल म्हणजे काय?

साकोली तालुक्यातलं सानगडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. इथे काय किंवा आणखी कुठे काय, 'नॉर्मल' हा शब्द आता कुणाला परका वाटत नाही. दवाखान्यात रक्तदाब नॉर्मल असतो, बातम्यांत पाऊस नॉर्मल असतो, आणि शाळेत आपणही एखाद्या मुलाबद्दल 'तो जरा नॉर्मल नाही' असं सहज बोलून जातो. शब्द एकच, पण अर्थही एकच आहे का?

लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. आपल्या कंपासपेटीत असतो तसाच. सतराव्या शतकात 'नॉर्मल' इंग्रजीत आला तो 'काटकोनात असलेला' या अर्थानं. प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात आरशाला लंब असणारी स्तंभिका आपण काढतो. तिला इंग्रजीत आजही नॉर्मलच म्हणतात.

गुण्याला जे जुळलं ते बरोबर. त्यामुळे नॉर्माला 'नियम', 'आदर्श' असेही अर्थ आले. शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना 'नॉर्मल स्कूल' म्हणत, ते याच अर्थानं. पॅरिसमध्ये अशी संस्था १७९४ साली निघाली. पुढे आपल्या मध्यप्रांतातही नॉर्मल स्कूल होती. 'नेहमीचा, सर्वसाधारण' हा अर्थ इंग्रजीत रुळला तो मात्र एकोणिसाव्या शतकात.

म्हणजे या एका शब्दात दोन अर्थ राहतात : 'जसं असायला हवं तसं' आणि 'जसं बहुधा असतं तसं'. घोटाळा इथेच होतो.

पावसाचंच पाहा. जिल्ह्यातला पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असला, तरी हवामान खातं त्याला नॉर्मल म्हणतं. समजा, सरासरी १२०० मिलिमीटर आहे. मग ९७२ मिलिमीटर पाऊसही नॉर्मलच! शिवाय ही झाली हंगामाची बेरीज. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारून बसला, पऱ्हे वाळले आणि नंतर धो धो कोसळला, तरी बेरीज जुळतेच. आकडा खोटा नसतो. तो फक्त 'सरासरीच्या जवळ' एवढंच सांगतो. 'धानाला पुरेसा' असं सांगत नाही.

आता वर्गात येऊ. बहुतेक मुलं उजव्या हातानं लिहितात. साधारण दहांतलं एखादं डावखुरं असतं. डावखुरेपण कमी आढळतं, एवढीच ही माहिती आहे. पण 'कमी आढळतं' वरून आपण 'चुकीचं आहे' वर कधी उडी मारली, ते आपल्याला कळलंही नाही. कित्येक मुलांचा डावा हात त्यापायी बांधला गेला, छड्या खाल्ल्या. संख्येच्या अर्थाचा आपण गुण्या केला.

एक प्रयोग करून पाहा. वर्गातल्या सगळ्यांची उंची मोजा आणि सरासरी काढा. नेमकी तेवढीच उंची असलेली किती मुलं सापडतात? कदाचित एकही नाही. मग सरासरीएवढं नसलेल्या सगळ्यांना आपण काय म्हणायचं, हा प्रश्न मुलांनाच विचारा.

अर्थात शब्द टाकून द्यायचं कारण नाही. तापमापकाला, रक्ताच्या तपासणीला तो हवाच. कारण तिथे ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर आजाराची शक्यता वाढते, हे तपासून पाहिलेलं असतं. मुलाबद्दल तो तोंडी आला, की मात्र क्षणभर थांबून स्वतःला विचारू या : आपल्याला 'नेहमीचं' म्हणायचंय, की 'योग्य'?