माथेरानची हातरिक्षा आणि मागचे दोघे
माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, वाट जांभ्याच्या तांबड्या मातीची. पायी जा, घोडा करा, अमन लॉज स्थानकाहून मिनीट्रेन पकडा किंवा हातरिक्षात बसा.

ही रिक्षा एकट्याने चालत नाही. एक जण पुढच्या दांड्यात असतो, दोघे मागून रेटतात. चढाला मागच्यांचे खांदे लागतात. उतार त्याहून अवघड, कारण तेच दोघे तेव्हा ब्रेक होतात आणि प्रवाशांसकट गाडीचा भार मागे खेचून धरतात. पावसाळ्यात त्याच वाटेवर चिखल आणि शेवाळ असते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि इथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळची रेल्वे वर पोहोचली. तिकडे जपानमध्ये १८७० च्या सुमारास टोकियोच्या रस्त्यांवर धावू लागलेली रिक्षा आशियाभर पसरली होती. बहुतेक शहरांनी पुढे माणसाने ओढायची गाडी सोडून दिली. माथेरानात ती टिकली, कारण इथे मोटारींना मज्जाव होता. २००३ मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. झाडांसाठी ते हवेच होते, आजही हवे आहे. पण धूर नको म्हणून आपण जे वाहन पसंत केले, त्याचे इंधन माणसाची छाती होती, हे पर्यटनाच्या जाहिरातींत कधी आले नाही.

कोलकात्याचे उदाहरण इथे पाहिलेच पाहिजे. तिथल्या सरकारने २००५ मध्ये हातरिक्षा बंद करण्याची घोषणा केली, २००६ मध्ये विधानसभेत विधेयकही मंजूर झाले, तरी हातरिक्षा रस्त्यावर राहिल्या. बिहारमधून आलेला ओढणारा बहुधा मालकाकडून रिक्षा भाड्याने घेतो. बंदी आली तर त्याच्या हाती उरते काय? गाडी त्याची नाही, नवे वाहन घ्यायला पैसा नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्ये नेमके इथेच बोट ठेवले होते. पंजाबच्या १९७५ च्या कायद्याने सायकलरिक्षाचा परवाना स्वतः चालवणाऱ्या मालकालाच मिळणार होता. भाड्याने चालवणारे अमृतसरचे चालक त्यामुळे बेकार होण्याची वेळ आली. न्यायालयाने कायदा मोडीत काढला नाही. बँकेच्या कर्जातून चालकच मालक व्हावेत, अशी योजना आखून दिली. माझ्या मते श्रमिकांबाबतच्या आपल्या निकालांत इतका व्यवहारी निकाल क्वचित सापडतो.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माथेरानविषयी आदेश देताना याच निकालाचा आधार घेतला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने संपवा, गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्या, निधी नाही ही सबब चालणार नाही, असे पीठाने बजावले. ई-रिक्षाचा प्रयोग २०२२ च्या अखेरीस सुरू झालाच होता. पुढे वीस गाड्यांची मर्यादा आली आणि त्या कोणाच्या हाती जाव्यात यावरच वाद पेटला. घोडेवाल्यांची धास्तीही खोटी नाही. त्यांचेही पोट याच वाटेवर आहे.

आता खरी कसोटी यादीची आहे. माथेरानात परवाने ९४ हातरिक्षांचे. परवाना एकाच्या नावावर असतो आणि गाडीला तिघे लागतात, म्हणजे सगळ्या रिक्षा एकाच वेळी धावल्या तर पावणेतीनशेहून अधिक माणसे. ई-रिक्षाला मात्र चालक एकच पुरतो. खरे चालक ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे आहे. तिने केवळ परवान्याची वही उघडून भागणार नाही, कारण मागून रेटणाऱ्या दोघांची नावे त्या वहीत नाहीत. कोणी किती वर्षे कोणत्या रिक्षाला खांदा लावला, हे दस्तुरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समितीने तिथे बसून विचारावे आणि उरलेल्या ई-रिक्षा दुसऱ्या कोणाला देण्याआधी ही नावे लिहून घ्यावीत.