पट्टायाच्या आधी बँकॉक पाहा

राहुरीसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता पहिल्या परदेशवारीसाठी थायलंडची निवड होते. पण बहुतेक सहलींत राजधानी बँकॉकच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. मुक्काम समुद्रकाठच्या पट्टायाला, आणि बँकॉक जाता-येता. हे बदलायला हवे. या शहरात निदान दोन दिवस काढावेत. रामायण आणि शेती या दोन्हींशी ज्याची ओळख आहे, त्याच्याशी ते भरभरून बोलते.

नदीकाठचा पहिला दिवस

बर्मी सैन्याने 1767 मध्ये जुनी राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. पुढे 1782 मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठी नवी राजधानी वसवली. जुने बँकॉक आजही नदीच्या या वळणापाशीच आहे, म्हणून हॉटेल कुठेही असो, पहिला दिवस इथेच घालवावा. मेट्रोचे सनाम चाय स्थानक वाट फो मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

याच भागातला राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट 500 बाट आहे. शनिशिंगणापूरला शनिवारी पहाटेच निघावे लागते, तसेच इथेही दार उघडायच्या वेळीच पोचावे. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणाले, तर त्याच्या टुकटुकमध्ये बसू नका. ही तिथली जुनी फसवणूक आहे.

आवारातल्या वाट फ्रा केव मंदिरात हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती आहे. उंची जेमतेम 66 सेंटीमीटर. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो. पण आपल्या माणसाने खरा वेळ द्यावा तो मंदिराभोवतीच्या ओवरीला. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांत ‘रामकियेन’, म्हणजे थाई रामायण, रंगवले आहे. ओळखीची कथा इथे वेगळी वळणे घेते. सीता ही रावणाचीच मुलगी. हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवर्णमच्छा, हनुमानाच्या प्रेमात पडते आणि त्यांना मुलगा होतो. गावोगावच्या मारुतीला नमस्कार करत वाढलेल्या माणसाला हे वाचून आधी धक्का बसेल, मग मकरध्वजाची गोष्ट आठवेल. मुलांना सोबत घेऊन ही भिंत सावकाश पाहावी.

वाट फोमधला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 शुभचिन्हे आहेत. तिथून नावेने पलीकडे गेले की वाट अरुण. त्याचे मनोरे चिनी मातीच्या तुकड्यांनी सजवले आहेत, आणि दारावरच्या दोन राक्षसांपैकी हिरवा तो रावण.

शेतकऱ्याच्या नजरेने दुसरा दिवस

वाट फोपासून जवळच पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार रात्रंदिवस चालतो. झेंडू, मोगरा, कमळाच्या कळ्या, ऑर्किड. प्रतवारी, बांधणी आणि फूल ताजे ठेवण्याची पद्धत फुलशेती करणाऱ्याने मुद्दाम पाहावी. पहाटे गेल्यास उत्तम.

पुढे ‘महाझोपाळा’ नावाच्या वास्तूजवळ देवस्थान हे 1784 चे ब्राह्मण मंदिर आहे. शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी देवळे आहेत. इथले राजपुरोहित मे महिन्यात राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर नांगरणीचा राजविधी करतात. सजवलेल्या बैलांपुढे भात, मका, तीळ, गवत, पाणी असे पदार्थ ठेवतात. बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. विधी संपताच पेरलेले दाणे वेचायला शेतकरी धावतात. बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे परके वाटणार नाही.

निघण्यापूर्वी

मुंबईहून विमान साधारण साडेचार तासांत पोचते. तिथले घड्याळ दीड तास पुढे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य असते. व्हिसाचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी ते तपासा. मे 2025 पासून आगमनाचा डिजिटल अर्ज पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावा लागतो.

शाकाहारींनी नुसते ‘भाजी’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशाचा सॉस पडतो. ‘जे’ असे लिहिलेली पिवळी पताका शोधा. तिथे मांस-मासे नसतात. लसूण-कांदाही नसतो. भारतीय जेवणासाठी पाहुरात भाग आहे.

बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका, कुणाच्या डोक्याला हात लावू नका. राजघराण्याचा अवमान हा तिथे गंभीर गुन्हा आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे.

सहलीचा कार्यक्रम हातात आला की आधी एकच पाहा: बँकॉकला किती तास दिले आहेत? अर्धाच दिवस असेल, तर पट्टायातला एक दिवस कमी करून इकडे मागा. समुद्र आपल्या कोकणातही आहे. भिंतभर रंगवलेले दुसऱ्या देशाचे रामायण मात्र बँकॉकमध्ये पाहायला मिळेल.