दिवसा चढावे, सांजेला उतरावे

दिवाळीचा सुमार झाला, की गढवालातील तुंगनाथाच्या मंदिराची दारे बंद होतात. पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचे हे शिवस्थान. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांच्या आसपास असलेल्या या शिखरमाथ्यावर हिम पडू लागण्यापूर्वीच देवाची उत्सवमूर्ती डोलीतून खाली मक्कू गावी आणली जाते, आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी दारे पुन्हा उघडेपर्यंत पूजाअर्चा तेथेच चालते. केदारनाथाची हिवाळी पूजाही अशीच उखीमठात होते. वरच्या कुरणांवर उन्हाळा काढलेले मेंढपाळ तत्पूर्वीच कळप घेऊन खालच्या दऱ्यांत उतरलेले असतात. हिवाळ्यात उंचावर कामापुरते जावे, पण रात्र मात्र खालीच काढावी, असा पहाडी जीवनाचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे.

नोकरीव्यवसायानिमित्त दिल्ली, डेहराडून, लखनौ वा चंडीगढ येथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना नाताळच्या सुटीत हिमालयाची ओढ लागते. तरुण मुलांचा आग्रह असतो, की तंबू घेऊन जाऊ आणि एक रात्र बर्फात काढू. वडीलधाऱ्यांना काळजी वाटते. पण ‘नको’ म्हणण्यास सबळ कारण सुचत नाही, आणि मग एक तर बेतच रद्द होतो किंवा अपुऱ्या तयारीनिशी पार पाडला जातो. या दोहोंच्या मधला एक सुज्ञ मार्ग आहे: पहाटे निघावे, दिवसभर मनसोक्त चालावे आणि सांजेच्या आत परत येऊन चार भिंतींच्या उबेत झोपावे. हा मार्ग भित्र्यांचा नव्हे. थंडीचा स्वभाव ज्याने ओळखला, तो अनुभवी माणूसही बहुधा हाच मार्ग पत्करतो. असे का, ते तुंगनाथाच्याच उदाहरणाने पाहू.

सह्याद्रीची सवय

महाराष्ट्रात डोंगरकिल्ले हिंडण्यास मार्गशीर्ष-पौषाइतका सुखद काळ नाही. गडावरच्या देवळात किंवा गुहेत एखाद्या घोंगडीवर रात्र काढावी, पहाटे शेकोटीभोवती चहा घ्यावा, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. तुंगनाथाच्या पायथ्याचे चोपता हे ठिकाणच सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे, आणि मंदिर तर कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. साधारणतः दर हजार मीटर चढावर हवेचे तापमान सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. यावरून सह्याद्रीतील घोंगडीचा हिशेब हिमालयात किती तोकडा पडेल, हे सहज ध्यानात येईल.

दुसरा फरक रात्रीच्या लांबीचा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्या-नाशिकाकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. चोपत्याच्या अक्षांशावर तो जेमतेम सव्वादहा तासांचा. सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये त्याच जागी दिवस चौदा तासांचा असतो. म्हणजे उन्हाळ्यात तंबूत काढावी लागणारी रात्र दहा तासांची, तर हिवाळ्यात ती पावणेचौदा तासांची. वाचनात आलेली प्रवासवर्णने बहुधा उन्हाळ्यातली असतात. त्यांतील रात्र आणि पौषातील रात्र एक नव्हे.

रात्रीचा हिशेब

दिवसा चालणारा माणूस स्वतःच एक भट्टी असतो. स्नायूंच्या श्रमाने शरीरात उष्णता निर्माण होते आणि उन्हाचीही साथ मिळते. रात्री हे दोन्ही आधार जातात. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब झपाट्याने आकाशात विरून जाते, आणि जड झालेली थंड हवा उतारांवरून ओघळून खोलगट जागी साचते. म्हणूनच वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून निवडलेली सखल जागाच पुष्कळदा सर्वांत गार ठरते. शिवाय झोपलेल्या माणसाची उष्णता खालची जमीन अखंड शोषून घेत असते. अंगावर चार पांघरुणे आणि अंगाखाली एकच सतरंजी, अशी व्यवस्था हिमावर निरुपयोगी होय. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते, कारण हिवाळी मुक्कामात पांघरुणाइतकेच अंथरुणावर सारे अवलंबून असते.

आता ओझे पाहा. हिवाळी मुक्कामासाठी तंबू, जाड स्लीपिंग बॅग, चटई, स्टोव्ह, इंधन, भांडी आणि दोन दिवसांचा शिधा घेतला, की पाठीवर बारा-पंधरा किलोंचा भार सहज होतो. दिवसाच्या फेरीस चार-पाच किलो पुरतात. प्रश्न केवळ दमण्याचा नाही. जड ओझ्याने घाम येतो, घामाने आतले कपडे भिजतात, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. चढताना घामाघूम झालेला माणूस थांबताच कुडकुडू लागतो, तो यामुळेच.

इंधनाचीही हीच गोष्ट. स्वस्त गॅसच्या डब्यांत मुख्यतः ब्यूटेन असतो, आणि तापमान शून्याखाली गेले की त्याची वाफ होणे जवळजवळ थांबते. स्टोव्ह फुरफुरतो आणि विझतो. वाटेतले झरे गोठले असतील तर पाण्यासाठी हिम वितळवावे लागते. एक किलो बर्फाचे नुसते पाणी करण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. एका चहासाठी दोन चहांचे इंधन जाळावे लागते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या अडचणींतून एक घातक मोह उद्भवतो. थंडी असह्य झाली, की कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत घेतली जाते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू निघतो आणि झोपलेल्या माणसाला जागही न येता त्याचा प्राण घेतो. डोंगरावर असो वा मैदानातील घरात, पेटती शेगडी घेऊन दार लावून कधीही झोपू नये. हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, निक्षून सांगितले पाहिजे.

उंचीचे पथ्य

तीन हजार मीटरांवर विरळ हवेचा त्रास अनेकांना जाणवतो: डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे. या बाबतीत दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला अधिक महत्त्व आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. मैदानातून आदल्या दिवशी आलेल्या कुटुंबाने तुंगनाथाजवळ रात्र काढणे या संकेताला धरून नाही. तेच कुटुंब खालच्या गावात झोपून दिवसा वर जाऊन आले, तर त्रासाचा संभव पुष्कळ कमी होतो. आणि झालाच तरी उपाय हाती असतो. तो उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. अंधारात, हिमावरून तो करता येत नाही.

थंडीने शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले, की धोक्यास प्रारंभ होतो. प्रथम जोराचे कापरे भरते. बोटांनी गुंडी लावता येत नाही. मग जीभ जड होते, पाय अडखळतात, स्वभाव चिडचिडा होतो. विशेष हे, की ज्याला बाधा झाली त्याला स्वतःला ती कळत नाही. कापरे थांबले, पण माणूस सुस्त झाला, तर ती सुधारणा नसून अधिक गंभीर अवस्था होय. अशा व्यक्तीला वाऱ्यापासून आडोसा द्यावा, ओले कपडे काढून कोरडे घालावे, अंगाखाली जाड काही पसरावे, शुद्धीवर असल्यास गरम व गोड पेय पाजावे आणि वैद्यकीय मदत गाठावी. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने क्षणभर ऊब वाटते, परंतु त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता उलट अधिकच बाहेर पडते. मुलांचे शरीर लहान, त्यामुळे ते लवकर निवते; वृद्धांचे शरीर उष्णता निर्माण करण्यात मंद. दिवसा चालताना सोबत्यांची नजर एकमेकांवर असते आणि पहिले लक्षण तत्काळ दिसते. रात्री प्रत्येक जण आपापल्या पांघरुणात असतो. कोण गप्प आहे आणि कोण झोपले आहे, हे कोणास कळावे?

एका दिवसाचा बेत

चोपत्यापासून तुंगनाथ साडेतीन किलोमीटरांच्या आसपास आहे. अंतर थोडे, पण चढ आठशे ते हजार मीटरांचा. आणि हिमात उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून आदली रात्र उखीमठ किंवा सारी अशा खालच्या गावात, पक्क्या घरात काढावी. उखीमठ ते गोपेश्वर हा रस्ता चोपत्यावरून जातो. मोठ्या हिमवर्षावानंतर तो बंद पडतो, तेव्हा त्याची चौकशी आधीच करावी. हा परिसर केदारनाथ अभयारण्याच्या क्षेत्रात येत असल्याने वनखात्याचे नियमही विचारून घ्यावेत. सोबत गावातला एक वाटाड्या अवश्य घ्यावा. हिमाखाली गेलेली वाट त्याच्या पायांना ठाऊक असते. नुकताच मोठा हिमवर्षाव झाला असेल तर एकदोन दिवस थांबावे, कारण झाडे संपल्यावरच्या उघड्या उतारांवरून नवे हिम घसरून येण्याची भीती असते.

सकाळी आठच्या सुमारास चालण्यास प्रारंभ करावा आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून टाकावी. समजा, साडेबारा. घड्याळात साडेबारा वाजले, की मंदिर शंभर पावलांवर असले तरी पाठ फिरवायची, असा सर्वांचा शब्द घ्यावा. हा नियम कठोर वाटेल. पण दुपारनंतर वारा व ढग वाढतात, आणि सकाळच्या उन्हाने मऊ झालेले हिम सावली पडताच काचेसारखे निसरडे होते. थकलेल्या पायांना उतार तेव्हाच उतरायचा असतो.

कपड्यांत अंगालगत सुती काही नसावे. सूत घाम धरून ठेवते. लोकरी बनियन, त्यावर स्वेटर, सर्वांवर वारा अडवणारे जाकीट, अशा थरांनी शरीर झाकावे. चढताना एक थर काढावा, थांबताच पुन्हा चढवावा. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, कोरडे पायमोजे, काळा चष्मा आणि बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे बरोबर असावेत. थर्मासमध्ये गरम पाणी किंवा चहा घ्यावा. खाण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू उत्तम. संक्रांतीच्या दिवसांत तीळगूळ खाण्याच्या आपल्या प्रथेचे मर्म येथे जिभेला कळते. आणि मुक्काम करायचा नसला तरी अडकून पडण्याची तजवीज हवीच: प्रत्येकी एक जादा उबदार कपडा, प्लॅस्टिकची मोठी चादर, शिटी, आणि विजेरी. थंडीत विजेरीतील घट लवकर मंदावतो, म्हणून ती आतल्या खिशात ठेवावी. कोठे जातो व केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या घरी सांगून जावे.

एवढ्या तयारीनिशी जाणाऱ्यास तो दिवस भरभरून देतो. पावसाळ्यानंतरची हवा हिवाळ्यात इतकी निवळलेली असते, की ७,१३८ मीटर उंचीचे चौखंबा हाताला लागेल असे भासते. खरसू आणि बुरांसाच्या फांद्यांवरून हिम ढासळल्याचा मऊ आवाज ऐकू येतो. नशीब असेल तर निळ्या-तांबड्या पिसांचा मोनाल समोरून उडून जातो. उन्हाळ्यातील यात्रेकरूंची वर्दळ नसलेल्या बंद दारासमोर दोन क्षण उभे राहण्यातली शांती ही त्या ऋतूचीच देणगी.

बर्फातल्या रात्रीचीही एक भव्यता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तिची ज्यांना खरी आस आहे, त्यांनी ती रीतसर शिकावी. दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. अशा संस्थांतून हिमावर राहण्याचे शास्त्र जाणत्यांच्या देखरेखीखाली शिकता येते. शिकण्यापूर्वी मात्र तो प्रयोग मुलाबाळांसह करू नये.

‘शिर सलामत तर पगड्या पचास’ असे आपले वाडवडील म्हणत आले. तुंगनाथ पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. या वर्षी साडेबारा वाजता मंदिराच्या अलीकडून परतलेले कुटुंब पुढच्या वर्षी पुन्हा येईल, आणि तेव्हा वाट त्याच्या ओळखीची झालेली असेल. पर्वतावरची मुलांची पहिली आठवण भीतीची न होता उन्हात चमकणाऱ्या शिखरांची आणि संध्याकाळी चुलीपाशी मिळालेल्या गरम भाताची व्हावी, एवढ्यासाठी तरी सांजेला उतरावे.